उलट जोडी

काकतीच्या बाजूला, हायवेच्या आवाजात,
दुसऱ्या मजल्यावर आमचं प्राणिघर.
बावीस डिग्री. बारा तास उजेड, बारा तास अंधार.
बाहेर पाट्या कुठल्या लिपीत असाव्यात
यावर सकाळपासून घोषणा चालू आहेत.
आत पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या
मी माझ्या बारीक अक्षरात लिहिते:
मादी, जास्त दाबाची. नर, साधा.
आणि पलीकडच्या रांगेत उलट.

शेपटीला गुंडाळायचा पट्टा बोटभर रुंद.
उंदीर आधी कोमट पाटीवर, मग नळीत,
मग थांबायचं. घाबरला तर आकडा खोटा.
निंगव्वा त्याच्याशी बोलते,
"सुम्निर, सुम्निर की गा राजा, आत्ता सोडूलालो बघ."
अर्धं कानडी, अर्धं मराठी.
उंदीर दोन्हीला गप्प होतो.
एकशे अठ्ठ्याहत्तर.

दोन्ही रांगांतले मुलगे निराळे निघाले.
ते निघणारच. मुलग्याला एक्स आईचा, वाय बापाचा,
अडचणीला दुसरा एक्स नाही.
कोड्यात टाकलं मुलींनी.
कागदावर दोन्हीकडच्या मुली सारख्या,
एक एक्स इकडचा, एक तिकडचा,
बाकीही सगळं निम्मं निम्मं,
तरी एका रांगेत दाब बारा अंकांनी चढलेला.
कणबरकर सर म्हणाले, आईकडून आणखी काय येतं?
पेशीतली चूल, मी म्हटलं, मायटोकॉन्ड्रिया.
विस्तव आईच्याच घरून येतो,
बापाचा वाटेतच विझतो.
"आणि दूध," निंगव्वा मागून म्हणाली,
बाटल्या धूत.

तिचं बरोबर होतं.
म्हणून जन्मल्या दिवशीच पिल्लं बदलली,
गुलाबी, डोळे मिटलेली, वालाच्या शेंगेएवढी,
आधी त्या दुसऱ्या आईच्या भुशात घोळवून,
वास लागावा म्हणून.
निंगव्वानं त्या दिवशी हात लावला नाही.
तिची आई बैलहोंगलची, बाळंतपणातच गेली.
वडगावात मागावर बसणाऱ्या हौसाबाई हलगेकरनं
आपल्या पोरीबरोबर हिलाही पाजलं.
"तवापासनं हे असं बोलतो बघा मी."
यावर वहीत काहीतरी लिहिणार होते. लिहिलंही.
मग खोडलं. भाषा कुठल्या गुणसूत्रावर बसत नाही,
आणि उंदरांना बोलायला लावणं आमच्या अर्जात नव्हतं.

दूध बदललं, आकडा उतरला. थोडाच.
उरलेल्याचा शोध दहा पिढ्यांचा:
लेक घ्यायची, साध्या जातीत द्यायची,
तिची लेक पुन्हा त्याच जातीत,
पुन्हा तिची लेक.
दर खेपेला जुन्या घरचं निम्मं पुसलं जातं,
मूत्रपिंड, रक्तवाहिन्या, हृदयाची भिंत,
शेवटी जवळजवळ सगळं सासरचं.
विस्तव तेवढा पहिल्या आईचा.

रात्री टिळकवाडीत, ओट्यापाशी,
पट्टा मी माझ्या दंडाला गुंडाळते.
एकशे बावन्न.
आईचाही असाच चढायचा. नंदगडची आजी
सुंठ उगाळून कपाळाला लावून बसायची,
तिचा कुणी मोजलाच नाही.
मला दोघे मुलगे.
त्यांच्यात तो विस्तव आहे, पण त्यांच्यापुरता.
मावशी एकच, तिलाही मुलगाच.
हे गणित घरात कुणाला सांगितलं नाही.
हे म्हणतील, मग त्यात काय.
खरंच, त्यात काय.

सकाळी पिंजरा चव्वेचाळीस. अकरा पिल्लं.
निंगव्वा एकेक उजेडाला धरते,
शेपटीखालचं अंतर नजरेनंच मोजते.
"सात पोरी," म्हणते.
मी चिठ्ठी लिहिते: पिढी सातवी. माद्या सात.
"वंशाला दोन बस होतात न्हवं?"
होय.
"मग बाकीच्या?"
वहीत त्याला रकाना आहे.
पेन बराच वेळ त्याच्यावर धरलेलं,
आणि बाहेर घोषणा परत सुरू.